उरलेलं पाणी

आठव्या दिवशी पाणी भर दुपारी आलं आणि सबोहतला आनंद झाला. ती बांधावर उकिडवी बसून चहात नान बुडवून खात होती. पाटातून आधी पाचोळा आला, मग मेंढ्यांच्या लेंड्या, मग गढूळ फेस आणि त्याच्या मागोमाग पाणी. तोंडातला घास तसाच गिळून तिनं सलवार गुडघ्यांपर्यंत खोचली आणि फावडं घेऊन वाफ्याच्या दाराकडे धावली. दाराला दाबलेलं गवताचं ढेकूळ फोडून तिनं पाणी पहिल्या वाफ्यात घेतलं. आठ दिवसांत कांद्याची पात टोकांना पिवळी पडली होती. पाणी वरच्या बर्फाचं, पाय बधिर करणारं. एक वाफा भरला की ढेकूळ उचलून पुढे लावायचं, टाचेनं दाबायचं आणि पुढच्या वाफ्यात पाणी घ्यायचं. पाठ मोडते, पण दारं धरताना पाठीकडे बघायला कुणाला सवड असते?

मिरोबच्या शेताला पाणी सगळ्यांत शेवटी, हा तूतक गावाचा रिवाज. पाटाचं पाणी वाटणारा तो मिरोब. बेचाळीस घरांच्या पाळ्या संपल्या की आठव्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत जे उरेल ते त्याचं. नाही उरलं तर नाही. सूर्य मावळला की पाणी खालच्या गावाचं. सबोहतचा सासरा अशूर बोबो सत्तावीस वर्षं मिरोब होता आणि त्या सत्तावीस वर्षांत त्याच्या शेतानं पोटभर पाणी क्वचितच पाहिलं होतं. बहुतेक पाळ्यांना दोन-चार वाट्या उरायच्या, तेवढ्यावर भागवायचं.

वाटी म्हणजे खरोखरीची वाटी. तांब्याची, बुडाला सुईच्या अग्राएवढं भोक असलेली. ती पाटाच्या तोंडाशी, तुतीच्या झाडाखाली, मातीच्या घंगाळात पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी आत चढत जातं आणि भरली की ती डुबुक करून बुडते. बुडली की एक वाटी झाली. ज्याची जमीन जेवढी त्याच्या तेवढ्या वाट्या. कुणाच्या चार, कुणाच्या अकरा. गावात आता सगळ्यांच्या खिशात फोन होते, पण पाण्याचा हिशेब फोनवर करावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. वाटी आजोबाच्या आजोबापासूनची. तिच्यावरून बाप मुलाशी भांडला नव्हता.

या वर्षी बर्फ इतकं कमी पडलं होतं, की ओढ्यात गुडघ्याच्या जागी घोटाभर पाणी होतं. आणि तरी मिरोबचं उरलेलं पाणी दर पाळीला लवकर येत होतं. अशूर बोबोनं त्याचं कारण शेळीला सांगितलं होतं. "दोन घरं कुलपं लावून रशियाला गेली ना, त्यांच्या पाळ्या वाचल्या," असं तो शेळीच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला होता. सबोहत तेव्हा चार हातांवर गोवऱ्या रचत होती. सांगायचं होतं तिलाच, पण सुनेशी थेट बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. सासू होती तोवर सासू मध्ये असायची. सासू गेल्या हिवाळ्यात गेली. पोरगी आत्याबरोबर उन्हाळ्यापुरती वरच्या कुरणावर गेली होती. नवरा दिलोवर रशियात समारा शहरात भिंतींना गिलावा करत होता. राहिली शेळी.

चौथा वाफा भरत होता तेव्हा पाटावरून माणसं येताना दिसली. पुढे हमरोकुल, मागे चौघं. हमरोकुलच्या हातात बटाट्याचं उपटलेलं झाड होतं. अशूर बोबो बांधाच्या दुसऱ्या टोकाला काठीवर हनुवटी टेकून बसला होता. तो उठला नाही.

"सलाम, बोबो."

"वअलैकुम. बांधावरून ये हमरोकुल, वाफ्यात पाय घालू नकोस. फुटेल."

"तुमच्या वाफ्याची काळजी आहे खरी. आमचे वाफे फुटायचे तर त्यात आधी पाणी पाहिजे."

मागचे चौघं हसले. हमरोकुलनं ते झाड म्हाताऱ्याच्या पायाशी टाकलं. पानं कागदासारखी वाळलेली, मुळाला गोट्यांएवढे चार बटाटे.

"माझ्या नऊ वाट्या," हमरोकुल म्हणाला. "गेल्या साली नऊ वाट्यांत सगळ्या सऱ्या भिजायच्या आणि वर भोपळ्याच्या वेलाला पाणी पुरायचं. औंदा शेवटच्या सात सऱ्या कोरड्या. पाळीमागून पाळी, सात सऱ्या कोरड्या."

"पाणी बारीक आहे बाबा. वर जाऊन बघ, डोंगर काळा दिसतोय."

"पाणी बारीक आहे, मग तुमच्याकडे येईपर्यंत ते जाड कुठे होतं?"

आता कुणी हसलं नाही. सबोहत पाण्यात उभी होती. तिनं ओढणी पुढे ओढली आणि मान खाली घातली, पण कान तिकडेच होते.

"दोन घरं गेली," म्हातारा म्हणाला.

"दोन घरांच्या अकरा वाट्या. मी मोजल्यात. तुमच्याकडे दुपारी पाणी येतंय बोबो! गेल्या साली सूर्य टेकला तरी यायचं नाही. अकरा वाट्यांत अर्धा दिवस निघतो का?" हमरोकुल खाली वाकला. "वाटीत काहीतरी केलंय तुम्ही. भोक मोठं केलंय. वाटी लवकर बुडते, आमची पाळी लवकर संपते, आणि उरतं ते कुणाचं? मिरोबचं."

अशूर बोबो उठला. उठताना काठी घसरली, गुडघा मातीत टेकला. मागच्यांतला एक जण हात द्यायला पुढे झाला, तो हात त्यानं झटकला. 

"त्या वाटीला माझ्याखेरीज कुणाचा हात लागत नाही," तो म्हणाला. "आणि माझ्या हातानं तिला काही केलेलं नाही."

"मग परवा शुक्रवारी सांगा. ती जिल्ह्याची बाई बैठक घेणारच आहे. सगळं गाव असेल. नान हातात घ्या आणि गावासमोर शपथेवर सांगा, की वाटीला कुणी हात लावला नाही. आम्ही तोंड बंद करू."

"घेतो."

"नान हातात घेऊन?"

"घेतो म्हटलं ना! माझ्याच घरचं नान आणतो."

ते गेले. पाचवा वाफा भरून वाहू लागला होता आणि सबोहतला ते दिसलंही नाही. पाणी वाट फुटेल तिकडे पसरत रस्त्यावर गेलं. 'भोक मोठं केलंय' हे शब्द तिच्या डोक्यात शिरले होते, आणि तिच्या बोटांना काहीतरी आठवलं होतं.

वसंतात, पाट उघडायच्या आदल्या दिवशी, जिल्ह्याच्या कचेरीतून मुनव्वरा पहिल्यांदा आली होती. तिशीची, चटचट बोलणारी, काखेत मोठमोठ्या कागदांच्या गुंडाळ्या. गावागावात पाण्याच्या समित्या करायच्या, लोकांना एकत्र बसवायचं, हे तिचं काम. तिनं वाटीबद्दल ऐकलं होतं. तिला ती बघायची होती, तिचा फोटो काढायचा होता. बोबो आदल्या संध्याकाळी वाटी घरी घेऊन आला आणि ओट्यावर ठेवून शेळीला म्हणाला, "उद्या पाहुणी येणार आहे. जेवणाच्या दस्तरखानावर ठेवायचीय ही."

सबोहतनं वाटी हातात घेतली आणि तिला लाजच वाटली. काळीकुट्ट, आतून पांढऱ्या खारानं बरबटलेली. त्या ओढ्याचं पाणी जडच, किटलीतसुद्धा वर्षात बोटभर खार धरतो. असलं भांडं पाहुणीपुढे ठेवलं तर सुनेच्या हातांबद्दल काय बोलतील? तिनं ती चक्क्याच्या आंबट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवली. सकाळी राख आणि बारीक वाळूनं घासली. भोकाच्या कडेनं खार घट्ट बसला होता, तो तिनं गोधडी शिवायच्या सुईनं खरवडून काढला. काय लखलखली वाटी! मुनव्वरानं चार फोटो काढले. बोबोनंसुद्धा वाटी उन्हात धरून बघितली आणि मिशीत हसला. त्या हसण्यावर सबोहत आठवडाभर खूश होती.

तो खार किती वर्षांचा होता कुणास ठाऊक. साठ, सत्तर वर्षांचा असेल. भोक बुजत बुजत एका जागी येऊन थांबलं होतं आणि गावाच्या सगळ्या पाळ्या त्या बुजलेल्या भोकावर बांधलेल्या होत्या. तिनं ते एका सकाळीत मोकळं केलं होतं.

त्या संध्याकाळी तिनं म्हाताऱ्यापुढे चहा ठेवला आणि ती गेली नाही. एरवी चहा ठेवून पाठ न दाखवता मागे सरायची. आज दाराच्या चौकटीशी उभी राहिली. ऊन डोंगराच्या माथ्यावर उरलं होतं. बोबो भिंतीला टेकून बसला होता, पेला हातात धरलेला, पीत नव्हता.

"बोबो..." ती म्हणाली. आवाज इतका बारीक निघाला की तिलाच ऐकू आला नाही.

त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. तो अंगणात दावणीच्या शेळीकडे बघत म्हणाला, "परवा नान भाजायचंय. चांगल्या पिठाचं. माझ्या बापानं मला मिरोबची काठी दिली तेव्हा अशाच नानवर हात ठेवला होता." मग थोड्या वेळानं म्हणाला, "सत्तावीस वर्षं. हरामखोर मला शपथ घालतो. घालू दे. खऱ्या माणसाला शपथेचं काय भय?"

सबोहत चौकटीशी उभीच राहिली.  म्हातारा खरा होता. लखलखीत वाटी त्यानं पाहिली होती, पण घासल्यानं भोक मोठं होतं हे त्याच्या ध्यानीही आलं नव्हतं. त्याच्या मनात तिळाएवढं खोटं नव्हतं. आणि परवा तो गावासमोर, हातात नान घेऊन, खोटं बोलणार होता. त्यांच्याकडे नानची खोटी शपथ घेतलेल्या माणसाच्या हातचं कुणी खात नाही. तो स्वतःही खाऊ शकत नाही. कधीतरी कुणीतरी ती वाटी फोनच्या घड्याळावर लावून बघणार, आणि मग? ती मनात वाक्य जुळवत राहिली. म्हाताऱ्यानं पेला उपडा ठेवला आणि तो नमाजाला उठला.

तिनं छपरावर चढून नवऱ्याला फोन लावला. तिथे सिग्नल चांगला यायचा. दिलोवरनं सगळं ऐकून घेतलं. मागे कुणीतरी हातोडी मारत होतं.

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला नाही."

"मग सांगूही नकोस. तोंड उघडशील तर बघ! लोक म्हणतील, सुनेच्या आड लपतोय म्हातारा. आणि घरात वाटीला कुणी हात लावला हे विचारतील. मिरोबच्या घरातून चोरी, असंच नाव होणार. दोन-तीन पाळ्यांचं पाणी काढून घेतील. कांद्याचं काय?"

"आणि ते शपथ घेणार आहेत त्याचं?"

"त्यांना माहीत नाहीये ना? माहीत नसलेल्याला पाप लागत नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली. दिलोवरनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. हातोडीचा आवाज मोठा झाला आणि फोन बंद पडला.

दुसऱ्या दिवशी ती पाणवठ्यावर गेली तेव्हा बायका बोलायच्या थांबल्या. नळाच्या तोंडाखाली हमरोकुलच्या बायकोची बादली होती, ती भरून वाहत होती तरी तिनं ती काढली नाही. सबोहत आपल्या दोन बादल्या घेऊन उभी राहिली. उन्हानं डोकं तापलं.

"हिला कशाला हवंय पाणी?" हमरोकुलची बायको दुसरीला म्हणाली. "यांच्याकडे पाणी स्वतःच्या पायानं येतं."

ओयनिसो खाला तिथेच दगडावर बसली होती. सत्तरीची, फुफ्फुसं खराब झालेली, पण जीभ शाबूत. तिनं काठीनं ती बादली बाजूला ढकलली. "भर गं बाई," ती सबोहतला म्हणाली. "पाणी काय, भांडण काय, दोन्ही थोडं थोडं सगळ्यांना मिळू द्यावं." पण तिनं सबोहतच्या तोंडाकडे मात्र बघितलं नाही. सबोहतला त्या बादल्या घरापर्यंत कधी नव्हत्या एवढ्या जड वाटल्या.

शुक्रवारी ती उजाडता उजाडता उठली. चांगलं पीठ काढलं. मळताना तिला वाटलं, मीठच जास्त घालावं, किंवा जाळावं, म्हणजे हे नान कुणी हातात धरणार नाही. असली बालिश युक्ती मनात आली याचीच तिला शरम वाटली. तिनं नीट मळलं, नीट थापलं, मध्ये नक्षीचं टोचणं मारलं. बाही कोपरापर्यंत ओढून तंदूरमध्ये वाकली आणि नान भिंतीला चिकटवलं. मनगटावरचे केस जळाले. नान असं फुगलं की दुसऱ्या कुठल्या दिवशी तिनं ते शेजारणीला नेऊन दाखवलं असतं. बोबो धुतलेला अंगरखा घालून ओट्यावर उभा होता. तिनं नान स्वच्छ रुमालात बांधून त्याच्यापुढे धरलं. तिची बोटं रुमालाच्या गाठीवरून निघेनात. त्याला वाटलं, गाठ सैल आहे म्हणून. त्यानं चटकन घेतलं.

तो पुढे, ती दहा पावलं मागे. अख्खी वाट ती त्याच्या टाचांकडे बघत चालली. टाचांना भेगा होत्या, त्यांत पाटाची पांढरी माती भरलेली. 'इथे बोल,' ती स्वतःला म्हणायची, 'त्या वळणाच्या आत बोल.' वळण जायचं. मग ती पुढचं वळण धरायची.

तुतीखाली गाव जमलं होतं. पुरुष पुढे, बायका मागे भिंतीच्या सावलीत. मुनव्वरानं झाडाच्या बुंध्याला मोठा कागद टाचला होता आणि त्यावर रंगीत पेनानं पाट काढला होता. ती म्हणत होती, "आज सगळ्यांनी बोलायचंय. बायकांनीसुद्धा. दारं तर तुम्हीच धरता ना?" बायकांनी तोंडाला ओढण्या लावल्या.

"बोलायला काही नाही," हमरोकुल उठून म्हणाला. "समिती-बिमिती मागून. आधी वाटीचं बघू. बोबो, नान आणलंय?"

अशूर बोबो घंगाळाजवळ गेला. वाटी पाण्यावर तरंगत होती, अजून चकाकत होती. त्यानं रुमाल सोडला. काठी झाडाला टेकवली, कारण नान दोन्ही हातांत धरावं लागतं.  त्यानं नान डोळ्यांना लावलं, एकदा, दोनदा.

"या नानची शपथ," तो म्हणाला, "की या वाटीला..."

सबोहतला आपण कधी उठलो ते कळलं नाही. पुरुषांच्या मधून ती गेली, कुणाच्या तरी गुडघ्यावर पाय पडला, तो शिवी देऊन बाजूला झाला. तिनं सासऱ्याच्या हातातलं नान ओढून घेतलं. सगळ्या गावासमोर, सुनेनं, सासऱ्याच्या हातातून! मागे बायकांत कुणीतरी "हाय अल्ला" म्हणालं.

"घेऊ नका," ती म्हणाली. "शपथ घेऊ नका बोबो. वाटीला हात लागलाय. माझा."

म्हातारा तिच्याकडे बघत राहिला. हात तसेच वर, नान धरल्यासारखे, रिकामे.

"मी घासली ती," ती आता गावाकडे वळून म्हणाली. ओढणी खांद्यावर घसरली होती, ती तिनं सावरली नाही. "पाहुणी येणार होती म्हणून. चक्क्याच्या पाण्यात टाकली. सुईनं भोक साफ केलं. मला वाटलं, मळ आहे. भोकाचं यांना माहीत नव्हतं. आत्ता, या क्षणी कळतंय यांना."

 मग सगळेच बोलू लागले. हमरोकुलचा आवाज सगळ्यांच्या वर गेला. "ऐकलंत? मी काय म्हणत होतो? सांगितलं होतं ना? सुनेनं केलं काय, सासऱ्यानं केलं काय, पाणी एकाच शेतात गेलं!" कुणी म्हणालं, काठी काढून घ्या. कुणी म्हणालं, म्हातारीचं मढं जाऊन वर्ष नाही झालं आणि सून बघा. मुनव्वरा मध्ये पडून दोन्ही हात हलवत होती. "फोटोसाठी मीच मागितली होती वाटी," ती पुन्हा पुन्हा सांगत होती, पण तिचं कोण ऐकतंय.

शेवटी तिनं फोन काढला आणि वाटी पाण्यावर सोडली. सगळे वाकून बघत राहिले. वाटी बुडली.

"सोळा मिनिटं," मुनव्वरा म्हणाली. "आधी किती लागायची?"

पुरुषांनी एकमेकांकडे पाहिलं.  बोबोकडे पाहिलं तर तो घंगाळाशेजारी खाली बसला होता, पाठमोरा. आधी किती लागायची हे कुणालाच सांगता येईना. वाटी म्हणजे वाटी. तिला दुसऱ्या कशानं कुणी मोजलंच नव्हतं.

"चौदा नान," मागून आवाज आला. ओयनिसो खाला. खोकत खोकत ती भिंतीला धरून उठली. "माझी पाळी चालू असली की माझी सून दारं धरते आणि मी तंदूर लावते. वाटी सोडली की पहिलं नान चिकटवायचं, बुडते तोवर चौदावं निघायचं. चाळीस वर्षं चौदा. औंदा अकरावं निघतं न निघतं तोच पाटावरून हाक येते, वाटी झाली म्हणून." ती दम घ्यायला थांबली. "मला वाटलं, हात म्हातारे झाले. कुणाला कशाला सांगायचं?"

"माझे पाच वाफे व्हायचे," दुसरी एक म्हणाली. "आता चारच होतात. नवऱ्यानं फोनवर दोनदा ऐकवलं, आळशी झालीस म्हणून. मीपण म्हटलं, झाले असेन."

"माझी लसणाची सरी," तिसरी म्हणाली. आणि मग हमरोकुलची बायको, नवऱ्याकडे न बघता, हळूच म्हणाली, "त्या सात सऱ्यांवरून मी शिव्या खाल्ल्यात. ढेकूळ नीट लावत नाहीस म्हणून."

हमरोकुलची मान ताठ होती, पण कान लाल झाले.

मुनव्वरा भराभर लिहीत होती. सगळ्या बायकांना कळलं होतं. प्रत्येकीला, पहिल्याच पाळीत. आणि प्रत्येकीनं दोष स्वतःला दिला होता. सबोहतला एकदम रडू फुटलं, नान छातीशी धरून ती तिथेच उभी राहून रडली. लाजेनं रडली की आणखी कशानं, ते तिलाच सांगता आलं नसतं.

दुपारपर्यंत निवाडा झाला. ओयनिसो खालाच्या तंदूरशी ताडून भोकाच्या कडेला मेण लावायचं, चौदावं नान निघेपर्यंत वाटी तरंगली पाहिजे. काठी सुगीपर्यंत अशूर बोबोकडेच, कारण दुसरं कुणी शेवटी पाणी घ्यायला तयार नव्हतं. हमरोकुलला विचारलं तर तो आपल्या बुटाकडे बघू लागला. पण वाटीजवळ बोबोशेजारी रोज गावातलं आणखी एक माणूस बसणार, नजर ठेवायला. आणि पुढच्या दोन पाळ्या मिरोबचं उरलेलं पाणी कोरड्या राहिलेल्या सऱ्यांना जाणार. हे शेवटचं ठरलं तेव्हा कुणीतरी म्हाताऱ्याला विचारलं, "कबूल?" त्यानं मान हलवली. तेवढीच.

दोन दिवस तो घरात एक शब्द बोलला नाही. शेळीशीसुद्धा नाही. सबोहत चहा ठेवायची, तो प्यायचा. तिनं ताट ठेवलं की तो निम्मं खायचा. दिलोवरचा फोन आला. त्याला गावातून कुणीतरी आधीच सगळं कळवलं होतं. तो जे बोलला ते तिनं ऐकून घेतलं आणि फोन पिठाच्या डब्यामागे ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी ती कांद्यात गेली. ऊन डोक्यावर आलं होतं. जमिनीला भेगा पडू लागल्या होत्या, पात आडवी व्हायला लागली होती. कांदे अक्रोडाएवढे, काही मुठीएवढे. ती खुरप्यानं माती मोकळी करत होती, ओल टिकावी म्हणून. बांधावर सावली पडली. तिनं वर बघितलं तर बोबो. ती उठायला लागली.

"बस," तो म्हणाला.

तिनं आजूबाजूला पाहिलं. तिसरं कुणी नव्हतं.

तो बांधावर बसला. बराच वेळ त्यानं काठीनं माती टोकरली. मग म्हणाला, "तुला कधी कळलं?"

"ते लोक आले त्या दिवशी. इथेच."

"दोन दिवस आधी." त्याचा आवाज चढला. "दोन दिवस! मी अख्ख्या गावासमोर नान डोळ्यांना लावलं. घरी सांगायला काय झालं होतं तुला? सांगता आलं नसतं घरी?"

"कुणाला सांगणार होते?" ती म्हणाली. खुरपं हातातून सुटलं. "अम्मा गेल्या. पोरगी कुरणावर. मी चौकटीशी उभी होते बोबो, तुम्ही शेळीशी बोलत होता. अकरा वर्षं झाली मला या घरात. मी शेळीला सांगायला हवं होतं का?"

बोलून गेल्यावर ती घाबरली. सासऱ्याला कुणी असं बोलतं? ती मान खाली घालून वाट बघत राहिली, की आता तो उठेल, काठी आपटेल, निघून जाईल. तो उठला नाही.  समोरच्या डोंगरावर मेंढ्यांचा कळप चढत होता, तिकडे तो बघत बसला आणि मध्येच त्यानं बाहीनं नाक पुसलं.

"पाणी यायला अजून एकोणीस दिवस," शेवटी तो म्हणाला. "कांदा किती दिवस तग धरेल?"

पन्नास वर्षं शेती केलेला माणूस. त्याला हे तिच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, आणि तरी तो विचारत होता. तिच्याकडे बघून.

"असाच ठेवला तर आठवडा," ती म्हणाली. "फार तर दहा दिवस. निम्मा आत्ता काढला आणि हिरवाच बाजारात नेला, तर राहिलेल्याला ओल पुरेल. सगळ्याला नाही. थोड्याला."

त्यानं काठी बांधावर आडवी ठेवली, अंगरखा काढून काठीवर टाकला आणि वाफ्यात उतरून गुडघ्यांवर बसला. हात पातीवर नेला आणि थांबला.

"कुठले काढू? लहान की मोठे?"

"मोठे," सबोहत म्हणाली. "लहानांना पाणी कमी लागतं."

त्यानं मान हलवली आणि मोठा बघून पहिला कांदा उपटला.